मुक्या जनावरांचे बोलणे

मिरजगावच्या पेठेत किराणा माल वर्तमानपत्राच्या रद्दीत बांधून मिळत असे, त्या काळातील ही आठवण आहे. गावात इंग्रजी दैनिक येत नव्हते. पण पुण्या-मुंबईची रद्दी नगरमार्गे येई आणि तिच्याबरोबर इंग्रजी पानेही येत. साखर डब्यात ओतून झाली, की तो कागद हाताने सपाट करून आम्ही वाचावयास बसत असू. बातम्या कधीच्या शिळ्या झालेल्या असत. पानाच्या खालच्या अंगाला तीन-चार चौकटींची चित्रे असत, ती मात्र शिळी होत नसत. अशाच एका कागदावर एक लठ्ठ मांजर होते. धन्याकडे अर्धवट मिटल्या डोळ्यांनी पाहत ते मनाशी काहीतरी म्हणत होते. शब्दकोश उघडून त्या म्हणण्याचा अर्थ लावला तेव्हा घरातील सारी मंडळी हसली. आमच्या आईस इंग्रजी येत नव्हते. तिला अर्थ सांगितला, तेव्हा चुलीजवळ अंग टाकून पडलेल्या मांजरीकडे पाहून ती म्हणाली, "आपली मनीसुद्धा हेच म्हणत असेल. आपल्याला ऐकू येत नाही, इतकंच."

ते मांजर जगप्रसिद्ध आहे, हे पुष्कळ वर्षांनी कळले. जिम डेव्हिस या अमेरिकन चित्रकाराचा हा गारफील्ड १९ जून १९७८ रोजी वृत्तपत्रांत प्रथम अवतरला. परंतु आमच्या मनात घर करून राहिले ते आईचे वाक्य. आजही वर्तमानपत्र हाती आले, की अग्रलेखाच्या आधी नजर चित्रमालिकेकडे वळते. तिच्यात एखादे जनावर बोलत असेल, तर अधिकच. वयाने प्रौढ, धर्मग्रामात चार जबाबदाऱ्या सांभाळणारी, नातवंडांची माणसे कागदावरील मांजराचे बोलणे एवढ्या आवडीने का ऐकतात? आणि ते ऐकून हसणे ही निव्वळ करमणूक आहे, की त्या हसण्याचाही काही हिशेब द्यावा लागतो? काही वाचकांस हा प्रश्न पोरकट वाटेल. आम्हांलाही काही काळ तो तसाच वाटत होता.

मराठी माणसाला बोलके जनावर नवे नाही. शेणाच्या घरातील कावळा आणि मेणाच्या घरातील चिमणी यांची गोष्ट ऐकल्यावाचून लहानाचे मोठे झालेले मराठी मूल विरळाच. ही गोष्ट तेराव्या शतकातील 'लीळाचरित्र' या महानुभाव ग्रंथात आढळते. म्हणजे सातशेहून अधिक वर्षे ती चिमणी आपले दार उघडण्यास उशीर लावीत आहे. आपल्या भाषेने जनावरांना नात्यागोत्यातही बसवले आहे. चिमणी ती चिऊताई, मांजर ती वाघाची मावशी, वाघाचा वाघोबा, कोल्ह्याचा कोल्होबा. ज्याची भीती वाटते त्यालाही आपण 'बा' लावून घरचा केला. गंमत अशी, की याच भाषेत जनावराचे ठरलेले विशेषण 'मुके' हे आहे. मुके जनावर, मुका जीव. दिवसा गोठ्यात ज्याला मुके म्हणावयाचे, त्यालाच रात्री अंथरुणावर बोलते करावयाचे, असा आपला परंपरागत व्यवहार आहे.

या बोलक्यांची एक जुनी शाखा नीतिकथेची. पंचतंत्र आपल्याच देशातील, आणि इसापच्या कथाही मराठी छपाईच्या अगदी प्रारंभापासून आपल्याकडे आहेत. तंजावरास सरफोजी राजांच्या आश्रयाने त्या १८०६ साली 'बालबोधमुक्तावली' या नावाने मराठीत छापल्या गेल्या. पुढे सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ साली मुंबईत त्या पुन्हा मराठीत आणल्या. या कथांतील कोल्हा लबाड तो लबाडच, आणि सिंह बलवान तो बलवानच. जी. के. चेस्टरटन हे पुढे १९२२ साली कॅथॉलिक झालेले इंग्रज लेखक. इसापच्या एका इंग्रजी आवृत्तीस त्यांनी १९१२ साली प्रस्तावना लिहिली, तीत त्यांनी या प्राण्यांना बुद्धिबळाच्या सोंगट्यांची उपमा दिली आहे. सोंगटीला स्वभाव नसतो, तिची ठरलेली चाल असते. ती चाल पूर्ण झाली, की गोष्ट संपते आणि खाली तात्पर्य येते.

वृत्तपत्रातील चित्रमालिकेत तात्पर्य नसते, कारण ती संपत नाही. उद्या सकाळी पुन्हा चार चौकटी भरावयाच्या असतात. म्हणून तिच्यातील जनावराला सुधारण्याची मुभाच नाही. गारफील्ड काल खादाड व आळशी होता, आज आहे, उद्याही असणार. चार्ल्स शुल्झ यांची 'पीनट्स' ही मालिका २ ऑक्टोबर १९५० रोजी सुरू झाली आणि १३ फेब्रुवारी २००० रोजी तिचे शेवटचे रविवारचे चित्र आले. आदल्याच रात्री शुल्झ निवर्तले होते. या जवळजवळ पन्नास वर्षांत स्नूपी कुत्र्याची कीर्तीची हाव कमी झाली नाही, की जेवणाच्या ताटलीवरील प्रेम आटले नाही. आम्हांला वाटते, या मालिकांचे पहिले आकर्षण येथेच आहे. नीतिकथा आपल्याला शहाणे व्हावयास सांगते. चित्रमालिका आपण शहाणे झालो नाही, हे हसत मान्य करते. पापनिवेदनासाठी दर खेपेस तीच यादी घेऊन जाणाऱ्या आम्हां सर्वांना त्या मांजराविषयी आपुलकी वाटली, तर नवल नाही. (यादी वाचून पलीकडचे फादरही कधी गालात हसत असतील काय, असा विचार आमच्या मनात येऊन जातो.)

आणखी एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. गारफील्ड आणि स्नूपी खरे पाहता बोलतच नाहीत. त्यांच्या डोक्यावरील फुगा ढगासारखा असतो. म्हणजे तो उच्चार नव्हे, विचार. चित्रातील माणसांना त्यातले काही ऐकू जात नाही. त्यांच्या दृष्टीने जनावर मुकेच असते. ऐकतो तो फक्त वाचक. बिल वॉटरसन यांच्या मालिकेतील हॉब्स हा वाघ तर इतरांना चिंधीचा दिसतो आणि एकट्या कॅल्व्हिनला जिवंत. (त्या हट्टी मुलाचे नाव धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन यांच्यावरून आणि वाघाचे थॉमस हॉब्स या तत्त्वज्ञावरून घेतलेले आहे, हे कळल्यापासून त्यांचे वाद आम्ही अधिक गोडीने वाचतो.) म्हणजे ज्याचे त्यांच्या घरात कोणी ऐकत नाही, त्याचे आपण एकटे ऐकत असतो. आईचे वाक्य याच्याच अगदी जवळचे होते.

जनावराच्या तोंडून ऐकण्याची दुसरी सोय अशी, की राग कोणावर धरावा हे कळत नाही. वॉल्ट केली यांच्या 'पोगो' मालिकेत दलदलीत राहणारे प्राणी होते. अमेरिकेत सिनेटर मॅकार्थी यांचा दरारा होता आणि भलीभली माणसे गप्प बसत होती, त्या काळात केली यांनी १९५३ साली हुबेहूब त्यांच्या चेहऱ्याचे एक रानमांजर त्या दलदलीत आणून सोडले. प्रॉव्हिडन्स शहरातील एका वृत्तपत्राने बजावले, की हा चेहरा पुन्हा दिसला, तर मालिका बंद करू. केली यांनी पुढे काय केले? त्या रानमांजराच्या डोक्यावर पिशवी चढवली आणि गोष्ट पुढे चालू ठेवली. चेहरा दिसला नाही; ओळखावयाचे त्यांनी ओळखले. माणसाच्या तोंडी जे वाक्य घातले असते, तर संपादकाने खोडले असते, ते मांजराच्या तोंडी छापले जाते. आपल्या तमाशातील सोंगाड्यालाही ही सवलत असते. जनावराची सवलत त्याहून मोठी आहे.

येथपर्यंत आम्ही या मालिकांची बाजू मांडली. आता मनातील किंतु सांगतो.

फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बेर्गसाँ यांनी १९०० सालच्या हास्यावरील ग्रंथात म्हटले आहे, की माणसाच्या क्षेत्राबाहेर विनोदी असे काही नसते. जनावराला आपण हसतो, ते त्याच्यात माणसाची ढब दिसते म्हणून. हे खरे असेल, तर चौकटीतील मांजर हे मांजर नव्हेच. ते आपणच आहोत, मिशा लावलेले. आपला आळस, आपला मत्सर, आपले रडगाणे त्याच्या पाठीवर लादून आपण मोकळे होतो. गाढवावर ओझी लादण्याची सवय माणसाला जुनीच आहे.

या ठिकाणी आम्हांला नाथान संदेष्टा आठवतो. दावीद राजाने उरियाची पत्नी घेतली आणि उरियाला युद्धात मारविले. नाथान त्याच्याकडे आला तो आरोप घेऊन नव्हे, तर एक गोष्ट घेऊन: एका गरिबाची एकुलती एक कोकरी होती, ती त्याच्या ताटात खाई, त्याच्या कुशीत निजे, श्रीमंत शेजाऱ्याने पाहुण्यासाठी तीच कापली. राजा संतापला. असल्या माणसाला मरणदंडच योग्य, असे तो म्हणाला. तेव्हा नाथानाने सांगितले, की तो माणूस तूच आहेस. कोकरीच्या गोष्टीने राजाचे मन मऊ झाले होते. पण त्याच्याकडे बोट दाखविणारा नाथान समोर उभा नसता, तर राजाने डोळे पुसले असते, गोष्ट सांगणाऱ्यास बक्षीस दिले असते आणि रात्री सुखाने निजला असता. वृत्तपत्रातील चित्रमालिकेत कोकरी असते, नाथान नसतो. आपण हसतो, पान उलटतो. त्या हसण्याने आपण काही ऐकलेले असते, की हसून सुटलेले असतो? आमचा प्रश्न हा आहे.

बायबलात दोनच प्राणी माणसाशी बोलतात. एक एदेन बागेतील सर्प. त्याचे बोलणे मधाळ होते आणि त्याने काय झाले, ते आपण जाणतो. दुसरी बलामची गाढवी. गणना या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायातील हा प्रसंग आमच्या मते साऱ्या पवित्र शास्त्रातील सर्वांत विनोदी प्रसंग आहे, आणि आपण तो फार गंभीर चेहऱ्याने वाचतो. मोठा द्रष्टा म्हणून ख्याती पावलेला बलाम बालाक राजाच्या सांगण्यावरून निघाला आहे. वाटेत देवदूत उपसलेली तलवार घेऊन उभा आहे. द्रष्ट्याला तो दिसत नाही, गाढवीला दिसतो. ती वाट सोडून शेतात शिरते, मार खाते. द्राक्षमळ्याच्या भिंतीला अंग घासते, धन्याचा पाय चेंगरतो, पुन्हा मार खाते. शेवटी पुढे जाण्यास जागाच उरत नाही, तेव्हा ती खाली बसते, आणि तिसऱ्यांदा मार खाते. मग देव तिचे तोंड उघडतो.

गाढवी बोलली याचे बलामला आश्चर्य वाटत नाही! तो तिच्याशी वाद घालू लागतो. माझी फजिती केलीस, हाती तलवार असती तर तुला ठार केले असते, असे ओरडतो. चित्रमालिकेचा हाच तर नियम आहे: जनावर बोलते आणि कोणी दचकत नाही. परंतु गाढवी काय बोलते, ते पाहण्याजोगे आहे. ती भविष्य सांगत नाही, उपदेश करीत नाही. तीन वेळा मारण्याजोगे मी काय केले, एवढेच ती विचारते. आजवर ज्या गाढवीवर तुम्ही बसत आलात ती मीच ना, पूर्वी कधी मी अशी वागले काय, असे विचारते. बलामला कबूल करावे लागते, की नाही. ती माणसाचे बोलत नाही. ती तिचे स्वतःचे बोलते, मार खाणाऱ्या जनावराचे.

आमच्या मराठी परंपरेत या गाढवीला जोड आहे ती पैठणच्या रेड्याची. ज्ञानेश्वरी आमच्याच जिल्ह्यात, नेवाशास, १२९० साली पूर्ण झाली. त्याआधी पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मुखातून वेद म्हणविले, अशी आख्यायिका आहे. जुन्नर तालुक्यातील आळे येथे त्या रेड्याची समाधी दाखवितात. आख्यायिकेतील ब्रह्मवृंदाला जे संन्याशाच्या मुलाकडून ऐकावयाचे नव्हते, ते रेड्याकडून ऐकावे लागले. दोन्ही कथांत जनावर बोलते ते माणसाचे कान बंद झाल्यावर. तरी आम्हांला राहून राहून वाटते, की रेड्याने वेद म्हटले. पाठीवरील आसुडाविषयी त्याला काय म्हणावयाचे होते, ते कोणी विचारले नाही.

आपले बोलण्याऐवजी जनावराला त्याचे बोलू देणे चित्रमालिकेला साधेल काय? साधते, असे अलीकडे वाटू लागले आहे, आणि त्याचे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. नागपूरचे रोहन चक्रवर्ती यांनी दंतवैद्यकाचे शिक्षण घेतले आणि पुढे ते सोडून वन्यप्राण्यांची व्यंगचित्रे काढणे हाच व्यवसाय केला. 'ग्रीन ह्यूमर' ही त्यांची इंग्रजी चित्रमालिका २०१० साली सुरू झाली. तिच्यात वाघ, बेडूक, गिधाडे, खवले मांजर सारे बोलतात. परंतु आळशी धन्याविषयी नव्हे, तर जंगलातून गेलेल्या रस्त्याविषयी, आटलेल्या पाणवठ्याविषयी, स्वतःच्या अंगाची खवले विकली जातात त्याविषयी. विनोद असतो आणि प्राणिशास्त्र अचूक असते. ही मिशा लावलेली माणसे नव्हेत. गाढवीचा प्रश्न ती आपापल्या भाषेत विचारतात.

तरीसुद्धा मिरजगावात बसून ती चित्रे पाहताना आम्ही पुरते निश्चिंत नसतो. आमच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आहे. १९८० साली ते झाले. क्षेत्र जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर. काळविटाला अभयारण्याची हद्द वाचता येत नाही. तो शेतात येतो, आणि कोवळी ज्वारी जिराईत शेतकऱ्याच्या वर्षाची भाकरी असते. त्याआधी १९७९ साली सोलापूरकडील माळढोक अभयारण्य जाहीर झाले, त्यात आमच्या तालुक्याचीही जमीन आली आणि शेतकऱ्याच्या व्यवहारांवर बंधने आली. माळढोक आता जवळजवळ दिसेनासाच झाला. चौकटीत काळविटाला बोलके करणे सोपे आहे, शहरातील वाचक त्याच्या बाजूने हसेल. पण त्या चौकटीच्या कडेला रात्रभर राखण करणारा जो शेतकरी उभा आहे, तोही पुष्कळदा मुकाच असतो, आणि त्याच्या डोक्यावर फुगा काढणारा अजून आमच्या पाहण्यात आला नाही. येथे कोणाची बाजू खरी, हे आम्ही ठरवू शकलो नाही. दोघांचे बोलणे एकाच पट्टीत काढता आले, तर ते आम्ही भिंतीला लावू.

हे सारे पुस्तकी वाटू नये, म्हणून घरातील एक प्रसंग सांगतो. तो सांगावा की नाही, याचा निर्णय होण्यास आम्हांला वेळ लागला.

२०१३ च्या उन्हाळ्यातील गोष्ट. त्या दुष्काळात नगर जिल्ह्यात चारा छावण्या उघडल्या होत्या. माणसे जनावरांबरोबर तेथेच महिनोन् महिने राहत होती. आमच्या दावणीला एक बैलजोडी होती. त्यातील सर्जा म्हातारा झाला होता, औताला चालत नव्हता. छावणीत त्याच्यामागे राहण्यास घरात माणूस नव्हते, आणि मुलीच्या शिक्षणाचे पैसे भरावयाचे होते. सर्जाला काष्टीच्या बाजारात नेण्याचे ठरले. म्हातारा बैल त्या वर्षी कोण घेतो आणि कशासाठी घेतो, हे घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक होते. एकानेही ते तोंडाने उच्चारले नाही.

आमची नात तेव्हा आठ वर्षांची होती. वर्तमानपत्रातील चित्रमालिका पाहून वहीत पट्टीने चौकटी आखण्याचा तिला नाद होता. आदल्या संध्याकाळी तिने सर्जाची चित्रे काढून आणली. पहिल्या चौकटीत सर्जा टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभा होता. दुसरीत तो सरपंचांना विचारीत होता, की माझे नाव यादीत आहे काय. तिसरीत आजोबा छत्री घेऊन आभाळाकडे पाहत होते, आणि सर्जा म्हणत होता, "आजोबा, मान दुखेल." आम्ही सगळे हसलो. त्या उन्हाळ्यात एवढे हसलेलो नव्हतो. चौथ्या चौकटीत सर्जा एकटाच होता, तोंड आमच्याकडे, आणि डोक्यावर मोठा फुगा. त्यात काही लिहिलेले नव्हते.

"हे राहिलं का गं?" आम्ही विचारले.

ती म्हणाली, "उद्या तो जाणार ना, आजोबा? तर आज तो काय म्हणेल, ते मला सुचेना. तुम्ही लिहा. तुम्हीच त्याला लहानपणापासून ओळखता."

पेन्सिल आमच्या हाती दिली गेली. आम्ही या त्रैमासिकात इतकी वर्षे लिहीत आलो. त्या फुग्यात लिहिण्यास चार शब्द सापडले नाहीत. जेवणे झाल्यावर बघू, असे सांगून वही फडताळावर ठेवली. पहाटे टेम्पो आला. सर्जा फळीवरून चढताना एकदा अडला, मागून कोणीतरी शेपटी पिरगाळली, आणि तो चढला. पैसे वेळेवर भरले गेले. निर्णय चुकला, असे म्हणण्याचे धाडस आम्हांला आजही होत नाही. दुसरी वाट कोणती होती, ते अजून दिसत नाही. परंतु आदल्या रात्री आम्ही हसलो होतो, एवढे मात्र नीट आठवते.

ती नात आता पुण्यास शिकते. गेल्या नाताळात घरी आली असताना फडताळ आवरताना तिला ती वही सापडली. मध्यरात्रीच्या मिस्साहून परतल्यावर ओट्यावर बसून तिने पाने उलटली आणि चौथ्या चौकटीशी बराच वेळ थांबली. आम्हांला वाटले, आता विचारील. तिने विचारले नाही. "आजोबा, सर्जाचं डावं शिंग खाली वळलेलं होतं ना? मी दोन्ही सरळ काढली आहेत," असे म्हणून तिने पेन्सिल मागवली, शिंग खोडून नीट वळवले आणि वही पुन्हा आमच्याकडे दिली.